किल्लारीनंतरचे माती-विटांचे घर: पुन्हा बांधावे का, आणि बांधायचे तर कसे?

बालाघाटी

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांनी बांधलेले सात खणी (खांबांमधल्या सात गाळ्यांचे) माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे घर होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीच्या भूकंपात त्या घराची मागची भिंत पडली आणि माजघरात निजलेली माझी आजी तिच्याखाली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून उशिरा आलेली आम्ही मुले पडवीतच झोपलो होतो, म्हणून वाचलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

पुढे त्याच जागी सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि वर पत्रे असे घर उभे राहिले. त्यात आईवडिलांनी तीस वर्षे काढली आहेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी अकरापासून ते घर सोडतात आणि उन्हे उतरेपर्यंत लिंबाखाली बसून राहतात. आता दोघांचेही वय झाले आहे. या दिवाळीनंतर त्यांच्यासाठी सहाशे चौरस फुटांचे घर बांधावे असे मी ठरवले आहे. जवळच्या भट्टीची वीट, आमच्याच शिवारातली माती आणि वर कौल, असे माझ्या मनात आहे. वडिलांचे म्हणणे एकाच वाक्याचे आहे: "मातीखाली एकदा आई गेली, आता पुन्हा नको." या वाक्यापुढे मला बोलता येत नाही, आणि थंडाव्याच्या गोष्टी सांगून त्यांना वळवणे मला योग्यही वाटत नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. आमच्या भागात माती आणि वीट वापरून भूकंपाला टिकणारे घर बांधता येते का? येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. मी हा विचार सोडून देईन.

ओळंबा

बालाघाटी, आपल्या आजींविषयी वाचून फार वाईट वाटले. वडिलांची भीती खरी आहे, म्हणून तिला उत्तरही नेमके द्यायला हवे. भूकंपानंतर सुरू झालेल्या घरे बळकट करण्याच्या कामात मी उमेदवार अभियंता म्हणून दोन वर्षे होतो. त्या काळात पडलेल्या आणि न पडलेल्या शेकडो भिंती जवळून पाहिल्या. त्यावरून सांगतो.

आपल्याकडची जुनी भिंत अडीच-तीन फूट, काही वाड्यांत त्याहूनही जाड असे. बाहेरच्या अंगाला घडवलेला काळा दगड, आतल्या अंगाला साधा दगड आणि मधल्या पोकळीत गोटे व माती. बघणाऱ्याला ती एक भिंत वाटते. प्रत्यक्षात त्या शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या, एकमेकींना न धरणाऱ्या दोन भिंती असतात. दोन्ही तोंडांपर्यंत पोचणारा लांब दगड मधूनमधून घातला तर त्या एकत्र राहतात, पण बहुतेक घरांत तो नव्हताच. जमीन हलली तेव्हा बाहेरचा पदर बाहेर कलला, आतला आत कलला, मधला भराव पाचरीसारखा खाली उतरला आणि त्याने दोन्ही पदर आणखी फाकवले. कोपऱ्यांतही तीच गत होती. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंफलेले नसल्यामुळे कोपरे आधी उघडले आणि भिंती सुट्या झाल्या.

दुसरी गोष्ट माळवदाची. छप्पर गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी वर नवी माती पडत असे, जुनी काढत कोणी नसे. दीड फूट जाडीचे माळवद अगदी सामान्य होते. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे सुमारे सव्वाचार घनमीटर. घनमीटरला सोळाशे किलो धरले तरी साडेसहा टनांहून अधिक ओझे झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर असते. तेवढ्याच खोलीवर मंगलोरी कौलांचे छप्पर वासे-रिपांसह सहा-सातशे किलो भरते. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, त्यामुळे हा दहापटीचा फरक जिवाचा असतो.

आणखी एक निरीक्षण आपल्या वडिलांना जरूर सांगावे, कदाचित त्यांनीही ते पाहिले असेल. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, तिथे भिंती ढासळल्यानंतरही खण उभे राहिलेले अनेक ठिकाणी दिसत होते. म्हणजे जुन्या सुतारांचे काम टिकले. त्याच्या भोवतीची दगडी भिंत माणसांवर पडली. त्याच गावांत कुडाच्या झोपड्यांत राहणारी माणसे मोठ्या प्रमाणावर वाचली, कारण त्यांच्या अंगावर पडण्याजोगे जड काही नव्हते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर "बांधता येते" असे आहे, मात्र आजोबांच्या पद्धतीने नाही. १९९३ पूर्वी लातूर-धाराशिवचा हा पट्टा देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता, म्हणून कोणी फिकीर केली नाही. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात आला. तिसऱ्या विभागासाठी विटांचे भार पेलणारे बैठे घर कसे बांधावे याचे नियम लिहिलेले आहेत. मातीच्या बांधकामासाठीही भारतीय मानक १३८२७ आहे आणि योगायोगाने ते १९९३ सालचेच आहे. त्यात कच्च्या विटेच्या भिंतीची उंची जाडीच्या आठ पटींहून अधिक नसावी, आडव्या भिंतीचा आधार नसलेली लांबी दहा पटींहून अधिक नसावी, दार-खिडकीची रुंदी १.२ मीटरच्या आत असावी आणि कोपऱ्यापासून तेवढेच अंतर सोडून मगच ती काढावी, असे साधे आकडे दिले आहेत. गवंड्याला ते टेपने मोजून पाळता येतात.

पांढरीची_माती

ओळंबा यांच्या प्रतिसादाला मातीच्या बाजूने थोडी पुरवणी जोडतो. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी. ही नावे मातीच्या रंगावरूनच आली आहेत, आणि घर बांधणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये. काळी माती पाणी लागताच फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. नुसत्या काळ्या मातीची कच्ची वीट वाळतानाच फुटते. पांढरीची माती म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, चुना आणि पडलेल्या भिंतींचा चुरा. ती फारशी फुगत नाही, म्हणून जुने लोक माळवदावर आणि गिलाव्याला ती वापरत. मात्र तिच्यात खार असतो आणि त्यामुळे भिंतीला लोणा (खाराची पांढरी पूड) लागू शकतो.

आणखी एक विनंती. गावाजवळ पांढरीचे उंच टेकाड असेल, त्यात खापरे आणि जुन्या विटांचे तुकडे सापडत असतील, तर तिथली माती कृपया उचलू नये. आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या तेर येथे प्राचीन तगर नगराची अशी टेकाडे आहेत. माती नेऊन नेऊन त्यांची किती हानी झाली हे पाहिले की जीव तुटतो. विटेच्या कामावर बोलतो आहोत म्हणून हेही सांगतो की तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचेच आहे आणि मराठवाड्याच्या हवेत ते कित्येक शतके उभे आहे.

वळचण

मी हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. घर टिकेल की नाही यावर चर्चा चांगली चालली आहे, पण ते टिकवण्याचे काम कोण करणार हे कोणी विचारलेले नाही. माझे माहेर मातीच्या घरात गेले. दर आठवड्याला जमीन सारवणे, सणाआधी भिंती सारवणे, पावसाळ्याच्या तोंडावर पोपडे काढून नवा लेप देणे, त्यासाठी शेण गोळा करणे, माती चाळणे आणि कालवणे हे सगळे माझ्या आईने आणि आजीने केले. मातीच्या घराचे कौतुक करणाऱ्या पुरुषांपैकी कोणाचेही हात त्या शेणकाल्यात मी पाहिले नाहीत. बालाघाटी, आपल्या आईचे वय झाले आहे असे आपण लिहिले आहे. त्यांच्यावर हे काम पुन्हा पडणार असेल, तर ते घर त्यांच्यासाठी बांधले असे म्हणता येणार नाही.

मातीला माझा विरोध नाही. आराखडा करतानाच हे काम कमी करता येते. जमिनीला शहाबादी फरशी घालावी. आपल्या भागात ती सहज मिळते, पायाला गार लागते आणि पुसली की झाले. बाहेरच्या भिंतीला मातीचा गिलावा नकोच. आतल्या बाजूला मात्र मातीचा गिलावा अवश्य करावा. पाऊस लागत नसल्याने तो पुष्कळ वर्षे टिकतो. भिंतीचा खालचा हातभर भाग चुन्याचा ठेवावा, कारण झाडू, पाणी आणि पाठ टेकून बसणारी माणसे तिथेच लागतात. वळचण दोन फूट तरी पुढे काढावी. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडले की निम्मी डागडुजी वाचते.

गोदातीर

आमची नांदेड जिल्ह्यात तीन पिढ्यांची वीटभट्टी आहे. "जवळच्या भट्टीची वीट" हे ऐकायला चांगले वाटते, परंतु मराठवाड्यातल्या सगळ्या विटा भार पेलायच्या लायकीच्या नसतात, हे या धंद्यातला माणूस म्हणून सांगणे मला भाग आहे.

आपल्याकडे वीट नदी-तलावाच्या गाळाची किंवा काळ्या मातीत राख व भुसा मिसळून केलेली असते. या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत ते भाजून कळीचा चुना होतात, आणि विटेला पाणी लागले की आतल्या आत फुलून विटेचे तोंड उडवतात. गिलाव्यावर रुपयाएवढे गोल पोपडे सुटलेले आपण पाहिले असतील, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. त्यावर उपाय माती चाळण्याचा आहे, तो भट्टीवाल्याने करायचा. घेणाऱ्याने एवढे करावे की पंचवीस-तीस विटा आणून दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवाव्यात आणि नंतर आठवडाभर उघड्यावर पाहाव्यात. ज्या फुटायच्या त्या तेवढ्यात फुटतात.

बाकीच्या परीक्षा जुन्याच आहेत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजाव्यात. नखाने ओरखडा पडू नये. कंबरेच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकली तर तुकडे होऊ नयेत. मोडलेल्या विटेचा आतला रंग कडेइतकाच भाजलेला असावा. मधे काळसर कच्चा गाभा दिसला तर ती भट्टीच्या कडेची वीट समजावी. कोरडी वीट तोलून चोवीस तास बुडवावी आणि पुन्हा तोलावी. तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले तर ती बाहेरच्या भिंतीला घेऊ नये.

पांढरीची_माती यांनी तेरचा उल्लेख केला. तिथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या म्हणून प्रसिद्ध आहेत. मातीत मिसळलेले काड-भुसा भाजताना जळून गेला की जागोजागी पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. आम्हीही भुसा घालतो, पण इंधन वाचावे म्हणून, आणि प्रमाण चुकले की वीट नरम पडते.

बालाघाटी

सर्वांचे मनापासून आभार. ओळंबा यांचा प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. खांबांवरचे खण उभे राहिल्याचे वाक्य आले तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि शेजारच्या वाड्याचा दिवाणखाना तसाच उभा होता असे सांगितले. एवढ्या वर्षांत ते त्या पहाटेविषयी माझ्याशी कधी बोलले नव्हते.

वळचण, आपले म्हणणे मला आधी सुचायला हवे होते. जमिनीला फरशीच घालणार.

आता दोन शंका. रॅट-ट्रॅप बाँड म्हणजे विटा कडेवर उभ्या ठेवून मधे पोकळी सोडण्याची जी पद्धत वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केली, ती इथे चालेल का? विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत येत नाही असे वाचले आहे. दुसरी शंका चुलतभावाची. त्याला प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले आहे, सपाट भागासाठीचे एक लाख वीस हजार रुपये. त्यालाही असेच घर हवे आहे, परंतु मातीचा गिलावा दिसला तर घर "पक्के" धरणार नाहीत आणि हप्ता अडेल असे त्याला कोणीतरी सांगितले आहे.

ओळंबा

रॅट-ट्रॅप बाँडमध्ये उभी सळई पोकळीतून सहज नेता येते, हा आपल्या भागासाठी मोठा फायदा आहे. पायथ्याचा, खिडकीच्या उंबऱ्याखालचा, दारावरचा आणि छपराखालचा थर मात्र भरीवच बांधावा लागतो. बेकर यांनी गांधीजींचे एक म्हणणे आयुष्यभर समोर ठेवले होते की आदर्श खेड्यातले घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचे असावे. तो विचार मला पटतो. त्यांच्या रचना मात्र तिथल्या विटेवर बेतलेल्या आहेत, हेही लक्षात घ्यावे.

गोदातीर

हीच खरी अडचण आहे. ती रचना कडा सरळ आणि माप एकसारखे असलेल्या विटेची आहे. आमच्याकडची हाताने थापलेली वीट भाजताना वाकते, एकाच भट्टीत मापात अर्धा इंच फरक पडतो. ती कडेवर उभी केली तर सांधे जाड-बारीक होतात, चुना-वाळू पोकळीत पडते आणि शेवटी गवंडी पोकळी भरूनच टाकतो. मी स्वतः वीट विकणारा असूनही सांगतो की कमी विटांच्या मोहात पडू नये. साधी नऊ इंची भिंत नीट गुंफून बांधावी.

ओळंबा

गोदातीर यांचे म्हणणे मान्य आहे. निवडून सारख्या मापाची वीट मिळणार नसेल तर भरीव नऊ इंची भिंतच योग्य; मी माझा आग्रह मागे घेतो.

मग आराखडा असा सुचवतो. पाया काळ्या मातीत थांबवू नये, मुरूम लागेपर्यंत खणावा. जोते जमिनीपासून दोन फूट उंच घ्यावे आणि त्यावर ओल वर चढू न देणारा थर न चुकता घालावा. सिमेंट, चुना आणि वाळू एकास एक सहा या प्रमाणात घेऊन सांधे भरावेत. चुन्यामुळे ते थोडे लवचीक राहतात. विटा बांधण्यापूर्वी भिजवाव्यात, नाहीतर त्या सांध्यातले पाणी शोषून घेतात.

सर्वांत महत्त्वाचा तो काँक्रीटचा पट्टा. जोत्यावर, दारांच्या माथ्यावर आणि छपराखाली, तीन इंच जाडीचा, दोन सळयांचा. हा पट्टा आतल्या भिंतींवरूनही जायला हवा आणि कोठेही तुटता कामा नये. दार उंच हवे म्हणून कोणी मधेच तोडला तर त्याचा उपयोग संपला. कोपऱ्यात सळया नुसत्या टेकवून सोडू नयेत, वळवून दुसऱ्या भिंतीत पुरेशा लांब न्याव्यात. पोते घट्ट बांधण्यासाठी जशी दोरी, तसा हा पट्टा चारही भिंतींना धरून ठेवतो. आजोबांच्या घरात नेमके हेच नव्हते.

भार न पेलणाऱ्या बुटक्या भिंती, ओट्याचे कट्टे, कोनाड्यांच्या फळ्या यांना आपली कच्ची वीट खुशाल वापरा. एक चूक मात्र करू नका. मातीच्या भिंतीवर टिकाऊपणासाठी म्हणून सिमेंटचा गिलावा करू नका. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचे तोंड बांधले की ओल आत अडकते, भिंत आतून भुसभुशीत होते, आणि गिलावा मोठ्या पापुद्र्यांत सुटून येईपर्यंत ते बाहेरून कळतही नाही. बळकटीच्या नावाखाली अशी बिघडवलेली घरे मी फार पाहिली.

घरकुलाविषयी: योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक साहित्याला वाव आहे. स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटरचे, भाजक्या विटांच्या भिंतींचे आणि पट्टे असलेले घर आतून मातीने लिंपले म्हणून कच्चे ठरत नाही. तरीही काम सुरू करण्यापूर्वी नकाशा दाखवून लेखी होकार घ्यावा, कारण पुढे हप्ता अडला तर झळ कुटुंबाला बसते.

वळचण

छपराबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. आपल्या गावात माकडे येतात का? आमच्याकडे उन्हाळ्यात टोळी आली की वीस-पंचवीस कौले फुटतात आणि पहिल्या पावसात घरभर भांडी मांडावी लागतात. वय झालेली माणसे कौले शाकारायला वर चढणार नाहीत. शेवटी लोक कंटाळून पत्रे टाकतात, आणि आपण तर पत्र्यांपासूनच सुटका शोधता आहात.

बालाघाटी

माकडे येतात, दरवर्षी. हा मुद्दा घेऊन मी दोन आठवडे गवंडी, सुतार आणि वडील यांच्याशी बोललो आणि शेवटी असे ठरले. झोपायच्या दोन खोल्यांवर स्लॅब घालायचा, परंतु त्याच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसे काम करत नाही, तिथे जोडीने मंगलोरी कौले बसवायची. काँक्रीट सुमारे पाचव्या हिश्श्याने वाचेल, वजन उतरेल आणि कौलांमधल्या हवेने ऊन थोडे अडेल. पडवी आणि स्वयंपाकघर कौलारूच, पण उतार एवढा बुटका की शिडीच्या चार पायऱ्यांवरून हात पोचेल. भिंती नऊ इंची, तीन पट्टे, आतून मातीचा गिलावा, बाहेरून चुन्याचा.

मातीची परीक्षाही केली. काचेच्या तीन बरण्यांत तीन ठिकाणची माती एक-तृतीयांश भरली, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवले आणि रात्रभर ठेवले. शेतातल्या काळ्या मातीत तळाशी वाळूची जेमतेम रेघ होती, वर सगळा चिकण थर. आमच्या पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातली माती राखेसारखी, मिठासारखी पांढरी साय धरणारी निघाली. ओढ्याच्या वळणावरची माती सर्वांत बरी: अर्ध्याहून अधिक वाळू, मग पोयटा, वर बोटभर चिकणमाती. तिची बोटाएवढी वळी करून हातावरून पुढे सरकवली तर ती चार इंचांवर तुटते, म्हणजे फार चिकट नाही आणि फार भुरभुरीतही नाही. गिलाव्यासाठी तीच घेणार. गव्हाचा भुसा घालून दहा दिवस कुजवायची असे वडिलांनी सांगितले आणि खड्डा कुठे खणायचा तेही दाखवले.

गोदातीर, आपण सांगितल्याप्रमाणे जवळच्या भट्टीच्या तीस विटा दोन दिवस बुडवून ठेवल्या होत्या. आठवड्याभरात सात विटांचे तोंड उडाले. दुसऱ्या भट्टीच्या तीस विटांपैकी एक उडाली, ती भट्टी अकरा किलोमीटरवर आहे. विटा तिथूनच घेणार.

पाया आखायला दिवाळीच्या पाडव्याचा दिवस धरला आहे. ओळंबा, कोपऱ्यातल्या उभ्या सळईची जागा पायापासूनच ठरवावी लागेल ना? तेवढे सांगावे, म्हणजे गवंड्याला आधीच दाखवून ठेवतो.

ओळंबा

होय, पायाच्या काँक्रीटमध्येच रोवून घ्यावी आणि वरच्या पट्ट्यापर्यंत अखंड न्यावी. बारा मिलिमीटरची एक सळई प्रत्येक कोपऱ्याला आणि भिंती जिथे मिळतात तिथे. सळईभोवती विटांमध्ये सोडलेली पोकळी प्रत्येक दोन-तीन थरांनंतर काँक्रीटने भरत जावी, शेवटी एकदम भरू नये. खाली हवा राहते आणि सळई गंजते. पहिला कोपरा भरताना आपण स्वतः तिथे उभे राहावे.